तंबाखू नियंत्रणाचं मूल्यमापन करताय? या चुका टाळा

भारताने 2003 मध्ये सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांवर नियंत्रण आणणारा 'कोटपा' कायदा केला. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर सचित्र इशारा आहे. एवढं वाचून तक्त्यात 'उत्तम' लिहायचा मोह होतो, आणि पहिली चूक तिथेच होते. कायदा असणं आणि कायदा पाळला जाणं यांना गुण वेगवेगळे द्या.

इशाऱ्याचंच घ्या. टपरीवर सिगारेट सुटी विकली जाते. एकच सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही, मग इशारा तो पाहणार कधी? म्हणून छापलेलं पाकीट तपासून थांबू नका, सुटी विक्रीही मोजा. महाराष्ट्राने 2020 मध्ये अशा विक्रीवर बंदी घातली. ती पाळली जाते का, हे टपरीशी दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त धूर मोजणं. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जेमतेम 4 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, पण तंबाखू खाणारे किंवा लावणारे जवळपास 24 टक्के होते. 'धूम्रपान निषिद्ध' पाट्या मोजून अहवाल लिहिलात, तर मशेरी लावणारी आजी, खर्रा चघळणारा विदर्भातला तरुण आणि चुना-तंबाखू मळणारा मजूर त्यात कुठेच दिसणार नाहीत. कर्करोगाच्या वॉर्डात मात्र हीच माणसं दिसतात, म्हणून या मुद्द्यावर मी अडून बसते. प्रश्नावलीत मशेरी, खर्रा, गुटखा ही नावं घालाच. नुसतं 'तंबाखू वापरता का?' विचारलं, तर मशेरी लावणाऱ्या कित्येक बायका 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणंच असतं.

गुटखाबंदी तपासतानाही असंच फसायला होतं. राज्यात 2012 पासून बंदी आहे. दुकानदार खरंच सांगतो, 'गुटखा नाही.' मग पानमसाल्याची एक आणि तंबाखूची एक, अशा दोन पुड्या पुढे करतो. गिऱ्हाईक त्या एकत्र करून खातं.

दंडाच्या पावत्या वाढल्या म्हणजे अंमलबजावणी सुधारली, असंही नाही. उल्लंघनंच वाढलेली असू शकतात. पावत्यांसोबत तपासण्या किती झाल्या तेही मागा. शाळेपासून 100 यार्डांतली विक्री पाहायची, तर न कळवता आणि शाळा सुटायच्या वेळी जा.

देशातला वापर 34.6 टक्क्यांवरून 28.6 वर आला. 2009-10 आणि 2016-17 च्या सर्वेक्षणांमधली ही घट कुठल्याही एकाच कलमाच्या नावावर लिहू नका. त्या काळात करही बदलले, इशारेही, राज्यांच्या बंदीही आल्या.

करांचं थोडक्यात: टक्का पाहू नका, मजुराच्या दिवसाच्या मजुरीत विडीची किती बंडलं येतात ते वर्षागणिक पाहा.

आणि पाकिटावर तंबाखू सोडण्यासाठीचा 1800-11-2356 हा क्रमांक आहे, म्हणून 'मदत उपलब्ध' अशी खूण करू नका. स्वतः फोन लावा, वेगवेगळ्या वेळी. उचलला का, किती वेळाने, आणि मराठीत बोलणारं कुणी भेटलं का, ते टिपून ठेवा.