कामाच्या दौऱ्यात जुना मित्र अचानक सापडला तर भेट कशी जमवायची

आठवडाभर पुणे, सोलापूर, कोल्हापूर असं ऑफिसचं फिरणं लागलं की रात्री लॉजवर जरा पाठ टेकतो न टेकतो तोच कुणाचातरी मेसेज येतो, काय रे, सोलापुरात आलायस म्हणे, सांगितलं पण नाहीस. कॉलेज सुटल्यापासून तोंड बघितलेलं नसतं आणि उद्या दिवसभर मीटिंगा. अशा वेळी "बघतो, जमलं तर कळवतो" एवढं मात्र लिहू नका, असं लिहून आजवर कुणाचं जमलेलं नाही. सरळ जागा आणि वेळ टाका, उद्या सकाळी साडेसातला स्टँडसमोर चहाला आहे, नऊला निघायचंय, येतोस का? त्याला यायचं असेल तर तो येतोच, आणि नसेल तर त्यालाही नाही म्हणायला सोपं जातं.

दुसरं म्हणजे शक्यतो घरी जाऊ नका. घरी गेलं की पोहे आले, मग पोरांना बोलावून "काकांना कविता म्हणून दाखव" आलं, मग वहिनी म्हणणार आता जेवूनच जा, कुकर लावलाच आहे, आणि ज्याच्याशी बोलायला गेलो तो बिचारा आत-बाहेर करत दही आणायला पळतो. बाहेर टपरीवर चाळीस मिनिटांत जेवढं बोलणं होतं तेवढं घरी तीन तासात होत नाही. हां, मैत्रिणीचं बाळ लहान असेल किंवा घरात कुणी आजारी असेल तर घरीच जायचं, पण चप्पल काढतानाच सांगायचं की फक्त चहा.

जागा सांगताना नीट सांगा. दादरला भेटू म्हणजे काय, ईस्ट का वेस्ट, सेंट्रलचा प्लॅटफॉर्म का वेस्टर्नचा, त्यातच वीस मिनिटं जातात. पुण्यात तर शिवाजीनगर एसटी स्टँड मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवलं, आणि बऱ्याच वर्षांनी पुण्यात येणारा माणूस अजून जुन्या जागी जाऊन उभा राहतो. सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवा, १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असे पर्याय असतात, तासाभराचं पुरतं.

अजिबातच वेळ नसेल तर गाडी थांबते तेवढ्यातही भेटता येतं, मला तर हा प्रकार सगळ्यात आवडतो. प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांचं, २ तास चालतं. मित्राला नुसतं गाडीचं नाव नको, डब्याचा नंबर आणि कुठल्या बाजूच्या दारात उभे असाल ते सांगा, नाहीतर तो इंजिनापाशी आणि तुम्ही शेपटाला. वंदे भारत असेल तर खाली उतरून गप्पा मारत बसू नका, दारं आपोआप बंद होतात आणि सोडायला आलेल्या मित्रावर तुम्हालाच घरी न्यायची वेळ येईल.

शाळेच्या ग्रुपवर "कोल्हापुरात कोण कोण आहे" असं विचारायचा मोह आवरा. पन्नास अंगठे येतात, एकजण हॉल बुक करू म्हणतो, दुसरा गेट-टुगेदर दिवाळीनंतर ठेवू म्हणतो आणि भेटत कुणीच नाही. त्यापेक्षा गाव लिहून स्टेटस टाका, २४ तास राहतं, आणि प्रायव्हसीत जाऊन ठराविक लोकांनाच दिसेल असं करा, कारण साहेबही स्टेटस बघतात.

भेटल्यावर पगार, फ्लॅट, पोरांचे मार्क हे विषय आधी काढू नका. वर्गातल्या कुणाबद्दल तरी विचारा, तो हल्ली कुठे असतो रे, की गाडी सुरू. सोलापूरहून कोल्हापूरला जात असाल तर शेंगाचटणीचं एक पाकीट बॅगेत टाका, खराब होत नाही आणि रिकाम्या हाताने गेल्यासारखं वाटत नाही. मिसळीचं बिल मात्र त्यालाच देऊ द्या, त्याच्या गावात काउंटरवर झटापट करून काही मिळत नाही. फोटो आल्या आल्या काढा, निघताना रिक्षा हॉर्न मारत असते.

आणि तिकीट शेवटच्या गाडीचं काढू नका, त्याच्या आधीच्या गाडीचं काढा. गप्पांच्या नादात ती सुटतेच, मग शेवटची हातात राहते.