दुकानातील मांडणीच्या कामाचा पोर्टफोलिओ कसा तयार करावा

रस्त्यावरून जाणारे गिऱ्हाईक थांबावे, आत यावे आणि त्याला हवी ती वस्तू विनासायास सापडावी, यासाठी दुकानातील माल, प्रकाश, पुतळे आणि मोकळी जागा यांची रचना करणे म्हणजे व्हिज्युअल मर्चंडायझिंग. पहिल्या मुलाखतीला मी चाळीस छायाचित्रे घेऊन गेलो होतो. समोरच्या बाईंनी ती भराभर उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवून विचारले, ‘इथे आधी काय होते?’ दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हते. म्हणून मांडणीला हात लावण्यापूर्वी त्या जागेचा फोटो घ्यावा आणि काम झाल्यावर त्याच कोनातून पुन्हा घ्यावा. पोर्टफोलिओचा पाया तिथेच पडतो.

अनुभव नसेल तर तो मिळवण्यासाठी मुंबई-पुण्याला जाण्याची गरज नाही. संभाजीनगरची गुलमंडी असो किंवा लातूरची गंजगोलाई, ओळखीच्या दुकानदाराकडे लग्नसराईपूर्वी एकच शोकेस आठवडाभरासाठी मागावी आणि खर्च किती होईल हे आधीच लिहून द्यावे.

समजा, पैठणीच्या दुकानाची शोकेस मिळाली. सर्वसाधारणपणे तिथे दहा-बारा साड्या दाटीने टांगलेल्या असतात आणि त्यामुळे एकही नीट दिसत नाही. त्याऐवजी एकच साडी निवडून तिचा पदर रस्त्यावरील माणसाच्या नजरेच्या उंचीवर आणावा. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी मागच्या बाजूनेही तशीच दिसते, म्हणून पदर भिंतीला चिकटवून न लावता दोन फूट पुढे दांडीवर सोडावा आणि मागे आरसा तिरका ठेवावा; मोराची उलटी बाजू दिसली की साडी हातमागाची आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. साडीवरची जरी खुलण्यासाठी ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर दिवा घ्यावा, आणि रेशमाचा रंग खरा दिसावा म्हणून त्याचा सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी निर्देशांक) ९० किंवा त्याहून अधिक असावा. दुकान पश्चिमेकडे तोंड करून असेल तर आपल्याकडच्या उन्हात रेशमाचा रंग उतरू शकतो. तेव्हा साडी दर दोन-तीन दिवसांनी बदलण्याची सोय रचनेतच ठेवावी. यातला प्रत्येक निर्णय आणि त्याचे कारण वहीत टिपून ठेवावे, कारण पुढे पोर्टफोलिओत हाच मजकूर जातो.

छायाचित्रात सर्वांत मोठी अडचण काचेची असते. दुपारी काढलेल्या फोटोत पैठणीपेक्षा समोरच्या दुचाकीच अधिक दिसतात. सूर्य मावळल्यानंतर, बाहेरचा उजेड कमी होऊन आतले दिवे वरचढ होतात तेव्हा फोटो घ्यावेत आणि कॅमेऱ्यामागे कुणाला तरी काळे कापड धरायला सांगावे. एक फोटो रस्त्यापलीकडून, एक उंबऱ्याजवळून आणि एक अगदी जवळून, इतके पुरेसे होतात.

आता पाने लावावीत. एका कामाला दोन पाने द्यावीत : आधीचा फोटो, हाताने काढलेले रेखाटन, नंतरचे फोटो आणि चार-पाच ओळींत अडचण, खर्च, लागलेले दिवस व स्वतःचा वाटा. सुतार किंवा इलेक्ट्रिशियन सोबत असेल तर तसे स्पष्ट लिहावे. विक्रीचे आकडे मालकाच्या परवानगीनेच द्यावेत. दिवाळीत विक्री तशीही वाढते, तिचे श्रेय आपल्या शोकेसला देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, आणि अनुभवी माणूस ते लगेच ओळखतो. प्रत्यक्ष दुकान मिळाले नसेल तर मोजमापांसह नकाशा काढून काल्पनिक प्रकल्पही ठेवता येतो, मात्र त्यावर ‘काल्पनिक’ असे ठळक लिहावे.

सहा ते आठ कामे पुरेत. सर्वांत भक्कम काम पहिले ठेवावे. पीडीएफ १० एमबीच्या आत बसवून, पाठवण्यापूर्वी ती स्वतःच्या मोबाइलवर उघडून प्रत्येक ओळ वाचता येते का हे पाहावे, कारण समोरचा माणूस ती बहुधा आधी मोबाइलवरच उघडतो.