मुलांच्या कल्पनांतून कोल्हापूरचा चित्रनकाशा : या चुका टाळा

शाळेच्या भिंतीवर किंवा एखाद्या प्रदर्शनात लावण्यासाठी मुलांकडून कोल्हापूरचा चित्रनकाशा करून घ्यायचा आहे, असे सांगत दर वर्षी कोणीतरी माझ्याकडे येते, आणि दर वर्षी मला त्याच त्या चुका दुरुस्त करत बसावे लागते. त्यांतल्या बहुतेक चुका चित्रकलेच्या नसून घाईच्या असतात, हे आधीच सांगून टाकतो.

पहिली चूक म्हणजे मुलांना चुकीचा प्रश्न विचारणे. कोरा कागद हातात देऊन "आपल्या शहरातली प्रसिद्ध ठिकाणे काढा" असे सांगितले, की प्रत्येक कागदावर अंबाबाईचे मंदिर, रंकाळा, न्यू पॅलेस, मिसळीचे ताट आणि शहरापासून सुमारे 20 किलोमीटर लांब असलेला पन्हाळा येणार, हे ठरलेले असते. यात मुलांचा काही दोष नाही. परीक्षेसारखा प्रश्न विचारला म्हणून त्यांनी परीक्षेसारखे उत्तर दिलेले असते. मी पहिल्या दिवशी कागद देतच नाही. "काल शाळा सुटल्यावर घरी कुठून गेलास?", "सायकल कुठे हळू करावी लागते?", "मित्राची वाट बघायची असेल तर कुठे थांबता?", "एकट्याने कुठे जायला घरचे नको म्हणतात?" असे चारपाच प्रश्न विचारतो आणि उत्तरे मुलांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतो. मग पंचगंगेच्या घाटावर डुंबणाऱ्या म्हशी येतात, दुधाच्या कट्ट्यावरचा फेसाळलेला पेला येतो, तालमीच्या बाहेरचा ओटा येतो, फुटबॉलच्या हंगामात कोणत्या गल्लीत कोणत्या तालमीच्या रंगाच्या पताका लागतात याचा नेमका तपशील येतो. राजारामपुरीतली मुले रस्त्यांची नावे सांगतच नाहीत, गल्लीचा क्रमांक सांगतात. नकाशावरही तो क्रमांकच लिहिला पाहिजे. या कामाला दोन शनिवार लागतात. ज्यांना एका दुपारी नकाशा हवा असतो, त्यांनी पर्यटनाचे तयार पत्रक आणून चिकटवावे.

दुसरी चूक मला जास्त छळते, कारण ती मी स्वतः होऊ दिली आहे. मुलांच्या कल्पना गोळा करायच्या आणि मग मोठ्यांनी बसून त्या "नीट" करायच्या, ही ती चूक. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अशाच उपक्रमात मी मदतनीस होतो. नदीकडच्या वस्तीतल्या अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीने आपल्या गल्लीवरून आडवी निळी नागमोडी रेघ काढून तिच्याखाली 55 असा आकडा लिहिला होता. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फुटांची आणि धोका पातळी 43 फुटांची आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते, आणि तो आकडा त्या भागातल्या मुलांना पाढ्यासारखा पाठ आहे. आयोजकांचे म्हणणे असे पडले, की नकाशा पाहुण्यांना द्यायचा आहे, त्यात पूर कशाला दाखवायचा? चित्रकाराने ती रेघ काढून टाकली, पण निळा रंग छान दिसत होता म्हणून तिथे हसऱ्या माणसांनी भरलेली एक नौका काढली. मला ते पटले नव्हते, तरी मी गप्प बसलो. उद्घाटनाच्या दिवशी त्या मुलीने बोटाने आपली गल्ली शोधली, बराच वेळ त्या नौकेकडे पाहिले आणि मला म्हणाली, "सर, आमच्या गल्लीत बोट आली होती, पण तिच्यातली माणसं हसत नव्हती."

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. प्रत्येक कल्पनेसाठी एक कार्ड ठेवतो. पुढच्या बाजूला मुलाचे चित्र, मागच्या बाजूला त्याचे शब्द. दोन कल्पना एकत्र करायच्या असोत, एखादी गाळायची असो किंवा लहान करायची असो, ते कार्ड हातात घेऊन आधी त्या मुलाला विचारतो. निम्म्या वेळा मूल स्वतःच अधिक चांगला मार्ग सुचवते. व्यावसायिक चित्रकाराने अंतिम चित्र काढायला माझी हरकत नाही. मात्र त्याने मुद्दाम वाकडीतिकडी रेघ मारून "बालसुलभ" शैलीचे सोंग आणू नये. मुलांना ते लगेच कळते आणि त्यांना त्याची चीड येते.

चित्रनकाशा आहे म्हणून भूगोल सोडून दिला तरी चालतो, हाही एक आवडता गैरसमज आहे. अंतरे ताणता येतात, आणि ताणावीच लागतात. महाद्वार रोड, गुजरी आणि भवानी मंडपाच्या परिसरात इतकी चित्रे येतात, की तो भाग फुगवावा लागतो आणि विद्यापीठाकडची मोकळी जागा आवळावी लागते. परंतु दिशा बदलता येत नाहीत. मी सर्वांत आधी तीनच गोष्टी पेन्सिलीने पक्क्या करतो: डावीकडे रंकाळा, वरच्या अंगाला पंचगंगा, उजवीकडे रेल्वेस्थानक. बाकी सगळे या तिघांच्या मध्ये बसवायचे. पाया आखण्यासाठी गूगलचा नकाशा गिरवू नये, कारण ते त्यांच्या अटींत बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशाची माहिती घ्यावी आणि कोपऱ्यात तसे श्रेय छापावे.

अलीकडे एआयकडून संपूर्ण नकाशाच काढून घेण्याची टूम निघाली आहे. असा एक नकाशा मला मोठ्या कौतुकाने दाखवण्यात आला. त्यात रंकाळ्याच्या काठी कुठलातरी घुमटांचा महाल होता आणि दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीसारखी दिसणारी, पण कोणालाच वाचता न येणारी अक्षरे होती.

अक्षरांवरून आठवले. छापखान्यातून आलेल्या नकाशावर जोडाक्षरे फुटलेली आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटलेल्या मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत, की आता पहिल्या कच्च्या छपाईत मी चित्रे बघतच नाही, आधी नावे वाचतो. मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा, इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडावा आणि छापखान्याला फाइल देताना अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करावे. टंक (फॉन्ट) निवडताना मराठी वळणाचे ल आणि श मिळतात का, हे पाहावे. "गंगावेश"मधला श परका दिसला, की सगळा नकाशाच परका वाटू लागतो.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. पेन्सिलीची फिकट चित्रे स्कॅनरवर उमटत नाहीत, म्हणून बाह्यरेषा काळ्या पेनाने काढून घ्याव्यात. लहान कार्डे मोठी करायची असल्यामुळे स्कॅन 600 डीपीआयला करावा. चमकणाऱ्या स्केचपेनचे रंग नेहमीच्या चाररंगी छपाईत कधीच तसे येत नाहीत, हे मुलांना आधी सांगावे, नंतर नव्हे. ए2 म्हणजे 420 × 594 मिलिमीटरपेक्षा लहान कागदावर शंभर चित्रे कोंबू नयेत. मुलांची नावे श्रेयाच्या यादीत एकत्र द्यावीत. कोणत्या मुलाचे घर कोणते आणि तो रोज कोणत्या वाटेने एकटा जातो, हे नकाशावर कदापि छापू नये. आणि तयार नकाशा भिंतीवर मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर टांगू नये. तो इतका खाली लावावा, की पाचवीतल्या मुलाचे बोट पंचगंगेपर्यंत पोहोचेल.