कोल्हापूरच्या रस्त्यांचा ग्राफ कसा काढायचा

भावांनो, ग्राफ म्हणजे इथं बिंदू आणि रेषांचं जाळं, तर आधी मीटर-किलोमीटर विसरा. टोपोलॉजीत, म्हणजे जोडणीच्या गणितात, महाद्वार रोड किती लांब याला किंमत नाही, तो कशाकशाला जोडलाय एवढंच बघायचं, गणिती ऑयलरनं 1736 मध्ये कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येतं का) असंच सोडवलेलं. ओपनस्ट्रीटमॅप या फुकटच्या खुल्या नकाशावरनं रस्ते उतरवून घ्या, पायथॉनमध्ये प्रोग्रामिंग येत असेल तर त्यातली ओएसएमएनएक्स लायब्ररी, नसेल तर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर वापरा.

साध्या ग्राफात चौक म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे रेषा. मला उलटा आवडतो, अख्खा रस्ताच बिंदू धरायचा आणि दोन रस्ते भेटले की रेषा, मग कुठनं कुठं जायला किती वळणं लागतात ते लगेच कळतं. राजारामपुरीच्या गल्ल्या आणि पापाच्या तिकटीमागचे बोळ, दोन्हीकडं करून बघाच.

मग बिटवीननेस काढा, म्हणजे बिंदूंच्या सगळ्या जोड्यांमधल्या सगळ्यात जवळच्या वाटांपैकी किती वाटा एखाद्या रस्त्यावरनं जातात. आकडा मोठा म्हणजे ट्रॅफिक तिथंच असं नाही हां, पार्किंग आणि अंबाबाईची गर्दी त्याला कळत नाही.

रस्त्यांचं डिझाइन करताना साध्या ग्राफातल्या रेषा पुसून-जोडून बघायचं. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ग्राफातनं काढा, परत गणित चालवा, पन्हाळ्याकडं जायला काय उरतं बघा. आणि नकाशा शहराच्या हद्दीवर कापू नका, कडेचे आकडे बिघडतात.