तिकटीची शिवण आणि दोन सुतांची माया

भाचीच्या बाळाचं बारसं अकरा दिवसांवर आलं होतं आणि मी आठ टोकांच्या ताऱ्याचं दुपटं करायला घेतलं. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत नऊ वर्षं ब्लाऊज शिवत होते. कटोरी, प्रिन्सेस कट, बोटनेक, सगळं हातातलं होतं. सरळ कडांचे तुकडे जोडायला असा कितीसा वेळ लागणार, असं वाटलं. शंकरपाळ्याच्या आकाराच्या आठ पाकळ्या कापल्या, दोन-दोन जोडल्या, मग चार-चार, शेवटी दोन्ही अर्धे एकत्र. तारा सपाट बसला. बहिणीला फोटोसुद्धा पाठवला. मग कोपऱ्यांच्या खाचांत पांढरे चौकोन घालायला गेले, तर एकही बसेना. प्रत्येक बाजूला कापड उरायचं. दाबून बसवलं की चुणी, ताणून बसवलं की कडेला झालर. तिसऱ्यांदा उसवलं तेव्हा पाकळ्यांच्या कडांच्या दशा सुटल्या आणि टाका धरायला जागाच राहिली नाही. बारशाला दुकानातलं झबलं घेऊन गेले.

पुढचे चार महिने मी तुकडेकामाला, म्हणजे पॅचवर्कला, हात लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, सध्या काही सुचत नाही. मलाही ते खरंच वाटत होतं.

तुम्ही साधी नऊ चौकोनांची जोडणी केली असेल, एखादं दुपटं पूर्ण केलं असेल आणि आता तारा, वळण, टोकदार त्रिकोण यांकडे निघाला असाल, तर हे तुमच्यासाठी. कापड आधी धुवायचं, लाल-मरूनचा रंग सुटतो का बघायचं, टेरीकॉट आणि सुती एकत्र घ्यायचं नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावर वेळ घालवत नाही. मला मायेबद्दल, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या कापडाबद्दल, बोलायचं आहे.

ब्लाऊजला आपण बाजूला इंचभर माया सोडतो. अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. तिथं माया म्हणजे पुढची सोय, दोन सूत इकडेतिकडे झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. ही सवय हातात घेऊन तुकडेकामात आलात तर बुडालात. इथं माया पाव इंच, म्हणजे दोन सूत. तुकड्यांची सगळी मापं तीच धरून काढलेली असतात. माझ्या मशीनच्या कापड दाबून धरणाऱ्या पायाची कड सुईपासून तीन सुतांवर होती. नऊ वर्षांत ती मोजायची गरजच पडली नव्हती.

एका सुताने काय होतं ते बघा. प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचं एकेक सूत जास्त गिळलं जातं, म्हणजे शिवणीमागे पाव इंच गेला. ओळीत आठ तुकडे असतील तर शिवणी सात. पावणेदोन इंच गायब! सगळे ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, सारखेच असतील तर ते सगळे सारखेच लहान होतात आणि चूक लपून राहते. माझ्या नऊ चौकोनांच्या दुपट्यांत ती तशीच लपली होती. ताऱ्यात लपत नाही, कारण तिथं दोन वेगळे आकार शेजारी येतात. मायेत एका सुताची चूक झाली की चौकोनाची बाजू दोन सुतांनी घटते. पाकळीचा कोन ४५ अंशांचा, ती तिरकी. तिची बाजू त्याच चुकीने जवळजवळ तीन सुतांनी घटते. म्हणून चौकोन दर बाजूला सूतभर मोठा ठरत होता. मी कितीही जपून शिवलं असतं तरी तो बसणार नव्हता. हा हिशेब मला त्या रात्री कुणी सांगितला असता तर चार महिने वाचले असते.

हा हिशेब मला एका म्हाताऱ्या शिंपीकाकांमुळे सापडला. आयुष्यभर त्यांनी शर्ट-पॅन्ट शिवल्या, ताऱ्याचं दुपटं कधी पाहिलंही नसेल. माझे तुकडे त्यांनी उलटे केले, शिवणीवर नख फिरवलं आणि म्हणाले, "ताई, कापड मोजलं, पट्टी मोजली. मशीन मोजली काय तुम्ही?"

तर आधी मशीन मोजा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, लांबी काहीही चालेल. तिन्ही शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे आणि तिन्ही मिळून साडेतीन. मधली कमी भरली तर माया जास्त जातेय. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टीचे चार थर लावा. कापडाची कड त्याला घासत गेली पाहिजे. पट्टी लावूनही पहिल्यांदा मधली पट्टी किंचित कमीच येईल, कारण शिवण उलटताना कापडाच्या घडीतही धागा-दोन धागे जातात. चिकटपट्टी तेवढी सुईकडे सरकवा. मला पाच वेळा सरकवावी लागली. दोरा बदलला, सुई बदलली की पुन्हा तीन पट्ट्या. कंटाळा आला तरी करा, मी आजही करते.

यावर कुणी तुम्हाला सांगेल, "थोडं ओढा, वरून वाफेची इस्त्री मारा, बसतं." एका क्लासमध्ये मी पैसे भरून हेच ऐकलं. कापड माझ्या हातातून घेऊन, ताणून, इस्त्री मारून परत दिलं. बसलं. घरी आणून धुतल्यावर जसंच्या तसं वाकडं. शिकणाऱ्याच्या हातातून कापड काढून घेणाऱ्याकडे शिकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. चूक तुमच्या बोटांनाच सापडली पाहिजे.

इस्त्रीबद्दल एवढंच सांगते: फिरवायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. पाकळीच्या दोन कडा सरळ धाग्यावर असतात, उरलेल्या दोन उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या. उरेब कड इस्त्रीच्या एका फेरीत लांबते आणि पुन्हा आखडत नाही. म्हणून कापण्याआधीच कापडाला घट्ट खळ द्या. भाताची पेज गाळून दिली तरी चालते. उरेब आणि सरळ कड जोडताना उरेब तुकडा खाली ठेवा. मशीनचे दात त्याला आपसूक ओढून घेतात, ढिलाई जिरते.

आता तिकटी. तीन शिवणी एका बिंदूत मिळतात, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. आपल्या कोल्हापुरात पापाची तिकटी हा तिठा सगळ्यांना माहीत, म्हणून मी या जागेला तिकटीच म्हणते. दोन पाकळ्या जोडताना बाहेरच्या टोकाला कडेपर्यंत शिवत जायचं नाही. कडेपासून दोन सूत आत पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि तिथं थांबायचं. मायेत एक टाकासुद्धा गेला तर चौकोन वळणारच नाही. चौकोनाच्या कोपऱ्यालाही तसाच ठिपका. टाचणी ठिपक्यातून ठिपक्यात आरपार. मग आतल्या ठिपक्यापासून बाहेर एक बाजू शिवायची, दोरा तोडायचा, पुन्हा त्याच ठिपक्यापासून दुसरी बाजू. एका दमात कोपरा वळवणारे लोक आहेत, त्यांना जमतं. सुरुवातीला तुम्ही ते करू नका. ठिपक्याजवळचे चार टाके मी मोटर सोडून हाताने चाक फिरवून घेते.

ताऱ्याचा मधला भाग फुगला किंवा वाटीसारखा झाला तर माया तिरकी गेलीय असं समजा. बाहेरच्या टोकाकडे ती वाढत गेली तर पाकळीचा कोन लहान होतो, आठ कोन मिळून ३६० अंश भरत नाहीत आणि वाटी होते. मध्याकडे वाढली तर उलट, कडेला झालर. उसवा. इस्त्रीने जाणार नाही.

हे वाचून धास्ती वाटली असेल. वाटू देऊ नका. पहिला बरा तारा यायला मला सहा प्रयत्न लागले, आणि चौथ्यापासून हात आपोआप ठिपक्यावर थांबायला लागला होता. शिवाय सगळंच इतकं कडक नसतं. दोन त्रिकोणांचा चौकोन घ्या. तयार तीन इंच हवा असेल तर हिशेबाने तीन इंच सात सुतांचे चौकोन कापून ते कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरके चिरावे लागतात. मी सरळ चार इंचांचे कापते आणि शिवून झाल्यावर साडेतीनला छाटते. चिंधीभर कापड जातं, पण डोकं शांत राहतं. एवढी एकच पळवाट मला मान्य आहे.

आता त्या 'सुचत नाही'बद्दल. त्या चार महिन्यांत मी प्रेरणा मिळेल म्हणून खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात जाऊन आले. स्वर्गमंडपात वर आकाशाला उघडं वर्तुळ, भोवती बारा खांबांचं कडं. बघून अंगावर काटा आला. घरी आले आणि बारा पाचरींचं वर्तुळ कागदावर काढून बसले. साधा चौकोन बसत नव्हता त्या हातांनी ते कसं शिवणार होते? वही मिटली ती मिटलीच. सुंदर गोष्टी बघायला जरूर जा. पण हात घाबरलेला असेल तर त्या सुंदर गोष्टींचंही ओझं होतं. नवीन मुलींना मी हे मुद्दाम सांगते, कारण सगळे त्यांना फक्त "फिरून या" म्हणतात.

मला वाट दाखवली आजीच्या वाकळेनं, म्हणजे गोधडीनं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात शिरोळ तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या घरात पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर आम्ही वाकळा बाहेर काढल्या. भिजलेली वाकळ दोघींना उचलत नाही. एकीचे टाके कुजून वरचं लुगडं सुटलं होतं आणि आत अजून जुनी एक वाकळ निघाली. आजीने तीच अस्तर म्हणून घातली होती. ती वाळवताना मी पहिल्यांदा नीट बघितली. एकही तुकडा मापाचा नाही, कुठं धोतराचा दंड, म्हणजे मधली जोडशिवण, तसाच ठेवलेला, कुठं चोळीची बाही. तरीही सपाट. तुकडा कमी पडला तिथं आजीने ताणला नव्हता, शेजारी बोटभर चिंधी लावली होती. लहानपणी तिच्याजवळ बसून टाके घालताना ती म्हणायची, "वडू नगंस गं, त्येला हाय तिथं बसू दे." ते मला तेव्हा दोऱ्याबद्दल वाटायचं.

त्यानंतर मी महिनाभर माप न लावता शिवलं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, करतात, तसं. कडेपासून सुरू करायचं, चिंधीची कड दुमडून धावदोऱ्याने बसवायची, तिच्यावर थोडी पुढची चिंधी, आणि वळत वळत मधे यायचं. आपल्याकडेही पुष्कळ बायका वाकळेचा दोरा कडेनेच आत नेतात. आराखडा नाही, त्यामुळे आराखडा चुकण्याची भीती नाही. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून घाऊक कटपीस आणलेले, ब्लाऊजच्या कपटांचं पोतं भरलेलं, त्यातून हाताला येईल तो तुकडा. तिसऱ्या आठवड्यात मला एका निळ्याशेजारी हळदी रंग हवाच असं वाटलं आणि मी तो पोत्यातून शोधायला लागले. त्या दिवशी सुचायला लागलं होतं.

अडलात तर तुम्हीही दोन हात लांब-रुंद अशी एक कवंदी करून बघा. बक्षिसासाठी नाही, विकण्यासाठी नाही. दुसरं, भिंतीवर जुनी फ्लॅनेलची चादर ताणून लावा. सुती तुकडे टाचणीशिवाय तिला चिकटून राहतात. चार दिवस तसेच ठेवा, येता-जाता बघा, मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. रंग चांगले असूनही ब्लॉक मेलेला दिसतो तेव्हा बहुतेक वेळा सगळे तुकडे सारखेच गडद असतात आणि ते फोटोत लगेच कळतं. तयार कापलेल्या तुकड्यांचे संच मात्र घेऊ नका. त्यात हे निवडणंच दुसऱ्या कुणीतरी करून टाकलेलं असतं.

आणि सुचत नाही असं वाटलं की आधी स्वतःला विचारा, सुचत नाहीये की जमत नाहीये? जमत नसेल तर तीन पट्ट्या घ्या.

खिद्रापूरचं वर्तुळ मी पुन्हा काढलंय. यावेळी मशीनवर नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या पाचरी कापल्या, त्यांवर कापड दुमडून कच्च्या टाक्याने धरलं आणि कडेला कड लावून हाताने गुंफतेय. कागद आत असेपर्यंत उरेब कडही हलत नाही. सात महिन्यांत बारापैकी आठ पाचरी झाल्या. मधल्या आकाशाला कोणता निळा लावायचा ते अजून ठरत नाही, तीन तुकडे भिंतीवर लावून ठेवलेत.