तिवरांत भराव पडताना दिसला तर

मी मुंबईत चारकोपला राहते, खाडीच्या बाजूला. तिवरांत, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीत (कांदळवनात), डंपर रिकामा होताना दिसला की वाद घालत बसू नका. रात्री एकट्याने तर मुळीच पुढे जाऊ नका. लांबूनच फोटो घ्या. त्यात गाडीचा नंबर आणि मागची ओळखू येणारी इमारत दिसू द्या. फोनचं लोकेशन चालू ठेवा. काम चालू असेल तर आधी ११२ लावा.

मग लेखी तक्रार. ती वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, प्रत पोलीस ठाण्याला. त्या जमिनीचा नगर भूमापन क्रमांक (सिटी सर्व्हे नंबर) मिळाला तर जरूर लिहा, नाहीतर ‘जमीन आमची नाही’ म्हणत कागद फिरत राहतो. खरं तर मालक कोण हा प्रश्नच गौण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात तिवरांची तोड आणि त्यांवर राडारोडा टाकणं सरसकट बंद केलं. तिवरांभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामही नाही, जमीन खासगी असली तरी. हे वाक्य अर्जात घालाच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बांध शोधा. पुष्कळदा कुऱ्हाड लागतच नाही; मातीचा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की झाडं उभ्याउभ्या वाळतात. भरतीच्या वेळी जाऊन पाणी कुठे थांबतं ते टिपा. तक्रारीत ‘बांध फोडून प्रवाह पूर्ववत करावा’ अशी स्पष्ट मागणी लिहा. नुसत्या ‘कारवाई करावी’ने भागत नाही.

शिक्का मारलेली पोच घ्या. महिनाभरात हालचाल नसेल तर त्याच आवक क्रमांकावर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.