आधी भैरवी ऐका, मग पैसे द्या

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. बुधवारी माझा पेटीचा क्लास असतो, म्हणून मी रविवारी जाते, मैफलींच्या आणि सिनेमांच्या जुन्या डीव्हीडी शोधायला. पिशवीत पाण्याची बाटली, चष्मा पुसायचं कापड आणि भाच्यानं मोडीत काढलेला लॅपटॉप. त्याला डीव्हीडी ड्राइव्ह आहे, एवढाच त्याचा गुण. बॅटरी चाळीस मिनिटं टिकते. तेवढ्यात आठ-दहा डिस्क तपासून होतात.

या जमान्यात डीव्हीडी कशाला, असं घरातलेही विचारतात. मोबाइलवर मैफल ऐकताना विलंबित रंगात आलं असताना बनियनची जाहिरात आली, की मला काही बोलायची गरज पडत नाही. शिवाय जुनी मराठी नाटकं आणि मैफली आज इंटरनेटवर असतात, उद्या नसतात. कपाटातली डिस्क कुठे जात नाही.

माल भरपूर आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली, तेव्हा लोकांनी भाजी घ्यावी तशा डिस्क घेतल्या. त्याच आता ताडपत्रीवर आल्यात. नवीन घ्यायची दुकानं मात्र गेली. मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. तिथे विचारायला माणूस होता, इथे आपणच जाणकार व्हायचं.

मी जाणकार झाले ती फसून. साठ रुपयांना किराणा घराण्याच्या एका गायकाची मैफल घेतली होती. लॅपटॉपवर पहिली पाच मिनिटं लावून बघितली, तानपुरे स्वच्छ, चित्र झकास. रात्री जेवणं आटोपल्यावर लावली. सव्वादोन तास काही तक्रार नाही. शेवटी भैरवी सुरू झाली, मुखडा दोनदा आला आणि बुवांच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. तोंड उघडं, उजवा हात हवेत, आणि पुढे काही नाही. पुढच्या रविवारी विक्रेत्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मावशी, चालू करून दाखवली होती ना?” दाखवली होती. चूक माझी होती, मी भलतीकडे बघितलं.

डीव्हीडीवरची माहिती आतल्या वर्तुळापासून सुरू होते आणि गोल गोल फिरत बाहेरच्या कडेकडे जाते. म्हणजे सुरुवात मध्यभागी, शेवट काठावर. आणि माणसं डिस्क धरतात काठाला, घासते ती काठाला, बोटांचे ठसे काठाला. मैफलीची भैरवी आणि सिनेमाचा क्लायमॅक्स सगळ्यात आधी जातो तो यामुळे. म्हणून आता मी डिस्क लावली की थेट शेवटच्या दहा मिनिटांवर उडी मारते. तिथे चाललं तर बाकीचं बहुधा चालतंच.

हे झालं एकपदरी, म्हणजे माहितीचा एकच थर असलेल्या डिस्कचं, जिच्यात ४.७ जीबी मावतं. दुपदरी डिस्कमध्ये ८.५ जीबी मावतं आणि तिची गंमत वेगळी. बहुतेक दुपदरी डिस्कवर पहिला पदर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून परत आत. त्यामुळे काठावर येतो तो मधला भाग. अशा डिस्कमध्ये शेवट नाही, इंटरव्हल तपासायचा! ओळखायची कशी? खालची बाजू जरा सोनेरी झाक मारते, आणि लॅपटॉपमध्ये घातल्यावर आकडा ४.७ च्या वर दिसतो.

लॅपटॉप नसेल तर डोळे आहेत. डिस्क सूर्याकडे धरून आरपार बघा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर चकाकणारा थर उडालाय, ती परत ठेवा. मग खालची बाजू तिरकी धरा. मध्याकडून काठाकडे गेलेला चरा फारसा त्रास देत नाही, प्लेअर तो सांभाळून घेतो. पण ग्रामोफोनच्या रेघेसारखा गोल गेलेला चरा घातक, कारण तो एकाच ठिकाणची सलग माहिती खातो. पुसायचं तेही याच कारणानं मध्यापासून काठाकडे सरळ, गोल गोल नाही. टूथपेस्टचे प्रयोग मी केलेत. डिस्कला पुदिन्याचा वास आला, बाकी काही नाही.

व्हीसीडी घेणार असाल तर उलटून छापील बाजूही बघा. डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये असतो, व्हीसीडीत तो लेबलाच्या लगेच खाली. लेबलावर कुणी पेनानं नाव कोरलं असेल, तर तिथलं गाणं गेलंच म्हणून समजा.

खालची बाजू जांभळट किंवा निळसर दिसली तर ती कारखान्यात छापलेली नाही, कुणीतरी घरी बर्न केलेली आहे. छापील डिस्क चंदेरी असते आणि मधल्या भोकाजवळच्या कड्यावर बारीक कोरीव अक्षरं असतात. जांभळी डिस्क मी फुकटही घेत नाही. एक तर चोरीचा माल, त्यात तो लवकर विरतो.

आता मैफलीचं बघू. कव्हरवर मोठ्या अक्षरात ‘लाइव्ह’ लिहिलेलं असतं, त्याला काडीची किंमत देऊ नका. मागची बाजू वाचा. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, गाव कोणतं, साल कोणतं हे छापलं असेल तर मैफल खरी. माझ्याकडे एक डिस्क आहे, जिच्यात जुनं ध्वनिमुद्रण वाजतं आणि पडद्यावर गायिकेचे तेच चार फोटो आणि एक धबधबा आळीपाळीनं येतात. साथीदारांची नावं नव्हती तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मीही पेटीच वाजवते, त्यामुळे ज्या डिस्कवर पेटीवाल्याचं नाव नाही तिच्यावर माझा आधीपासूनच राग असतो, ते सोडा.

दुसरं, आवाज. पीसीएम लिहिलेलं दिसलं तर सोडू नका, त्यात आवाज दाबलेला नसतो. डॉल्बीमध्ये तो आटवलेला असतो. ५.१ चं, म्हणजे सहा स्पीकरच्या आवाजाचं, कौतुक करतात, पण घरात दोनच स्पीकर असतील तर मेनूत जाऊन स्टीरिओ निवडा. नाही तर टाळ्या पुढे आणि तबला शेजारच्यांच्या घरात, असं होतं.

तिसरं, डबी उघडून डिस्क मोजा. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी कार्यक्रम झाला, त्यात सुरुवातीला रविशंकर आणि अली अकबर खाँ यांची जुगलबंदी होती, तबल्याला अल्लारखाँ. त्याची २००५ मध्ये आलेली डीव्हीडी दोन डिस्कची आहे. मला सुंदर डबी मिळाली आणि आत फक्त दुसरी डिस्क, जिच्यात मुख्य कार्यक्रम नाहीच. पहिली अजून शोधतेय.

सिनेमाच्या बाबतीत लांबी तपासा, कारण गाणी कापलेल्या प्रती सर्रास फिरतात. कशी तपासायची? सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं, त्यावर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर धावते. ४,००० मीटर लिहिलं असेल तर भागाकार करा, १४६ मिनिटं झाली पाहिजेत.

पण १४० भरली तर लगेच भांडायला जाऊ नका. कव्हरवर ‘पाल’ आहे की ‘एनटीएससी’ ते बघा, या टीव्हीवर चित्र दाखवायच्या दोन पद्धती. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि पाल २५ चित्रं दाखवतं, म्हणून अख्खा सिनेमा चार टक्के भरभर पळतो. १४६ ची १४० इथेच होतात, एकही गाणं न कापता. आणि नुसता पळत नाही, सूरही चढतो. क्लासला एक गाणं शिकवताना मी डीव्हीडी लावली आणि पेटी जुळेचना. ऑडिओ सीडीवर तेच गाणं पेटीच्या काळी एक पट्टीला आणि इथे काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतंय. मी पेटी दुरुस्तीला दिली. पेटीवाला म्हणाला, “ताई, पेटी ठीक आहे.” मग भाच्यानं हे पालचं प्रकरण समजावलं. आता तो लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ ठेवतो आणि वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय बंद करतो, की गाणं परत काळी एकवर. व्हिडिओ कॅमेऱ्यानं पालमध्येच चित्रित केलेल्या मैफलीला हा रोग नाही, ती मुळातच २५ ची असते. सिनेमा गाण्यांसाठी घेत असाल आणि दोन्ही प्रती मिळत असतील, तर एनटीएससी घ्या, तिच्यात सूर असा चढत नाही.

१९५० च्या आधीचे सिनेमे, प्रभातचे वगैरे, जवळजवळ चौकोनी चौकटीचे असतात. कव्हरवर ‘वाइडस्क्रीन’ असं मिरवत असेल तर कुणीतरी डोकी कापलीत किंवा माणसं आडवी ताणलीत. आणि एका डिस्कवर तीन सिनेमे? साडेसात तास ४.७ जीबीत कोंबले की चित्र जवळपास व्हीसीडीवर येतं. अंधाऱ्या प्रसंगात भिंती खदखदताना दिसतात.

परदेशातून नातेवाईक आणणार असतील तर रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशात चालेल याचा आकडा, सांगून ठेवा. भारत ५, अमेरिका १, इंग्लंड २. शून्य असेल तर कुठेही चालतं, आणि सुदैवानं संगीताच्या बऱ्याच डिस्क शून्याच्याच असतात. लॅपटॉपचा ड्राइव्ह रीजन बदलायला विचारेल तेव्हा पटकन ‘हो’ म्हणू नका. पाचच वेळा बदलता येतो, मग शेवटचा कायमचा बसतो.

भाव करताना मी आधी तीन डिस्क बाजूला काढते आणि त्यांतली एक चालत नाही हे दाखवते. मग उरलेल्या दोन आपोआप स्वस्त होतात. ऑनलाइन घेताना खालच्या बाजूचा, तिरप्या उजेडातला फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

घरी आणल्यावर डबीतून डिस्क काठाला धरून ओढू नका, मधलं बटण आधी दाबा. वाकली की काठाशी प्लास्टिकच्या दोन चकत्या सुटायला लागतात. आणि काठावर काय असतं ते तर आता ठाऊक झालंय.